वाघ, वादळ आणि वराह

निसर्गचित्रात हिंस्र पशू आला म्हणजे भयानक रस सिद्ध झाला, असा समज आढळतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील आंरी रूसो या चित्रकाराचे १८९१ चे वाघाचे चित्र ही त्याची चांगली कसोटी आहे, असे आम्हांस वाटते. पॅरिसच्या जकात खात्यातील हा कर्मचारी फ्रान्सबाहेर कधी गेला नाही. परदेशी वनस्पती त्याने तेथील उद्यानातच पाहिल्या. चित्रात वीज चमकते, पावसाच्या तिरप्या रेघा पडतात, पाने वाऱ्याने वाकतात आणि गवतात वाघ दबा धरून असतो. वाघ हा आलंबन विभाव, वादळ हा उद्दीपन विभाव. परंतु भक्ष्य चौकटीत नाही. म्हणून भयाचा आश्रय पाहणाऱ्यालाच व्हावे लागते.

याच्या उलट रचना भोपाळच्या साकेत नगरापासून दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, भीमबेटका येथे आढळते. तेथील चित्रित गुहा विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणल्या. एका शिळेवर अवाढव्य शिंगधारी वराह इवल्याशा माणसाच्या पाठीस लागला आहे. येथे आलंबन व आश्रय दोन्ही आहेत. मात्र त्यांच्याभोवती अरण्य रंगविलेले नाही. उद्दीपनाचे कार्य शिळेबाहेरचे खरे वनच करते.

रूसोचे अरण्य कापडावर सुरक्षित आहे. वराहाचे तसे नाही. भीमबेटक्याचे वन रातापानीच्या क्षेत्रात मोडते. डिसेंबर २०२४ मध्ये रातापानी व्याघ्रप्रकल्प घोषित झाला, ही वार्ता म्हणूनच रसिकांच्याही जिव्हाळ्याची आहे. वन गेले तर चित्र उरेल. रसाचे एक अंग मात्र नाहीसे होईल.