‘सगळ्यांना चालेल’ असं जेवण

मेहकर म्हटलं की मंडळातले बरेच जण बुलढाणा समजतात. आमचं मेहकर कर्नाटकातलं, बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि ताटात ज्वारीची भाकरी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा तिकडे गेले. भालकी, औराद इकडे आले. भाकरी दोन्हीकडे तीच राहिली. आमच्या भागात जेवणावरून अलीकडे मोठा वाद झाला, तो भाषेचा नव्हताच.

डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर अशा सात जिल्ह्यांत शाळेच्या मध्यान्ह भोजनात उकडलेलं अंडं द्यायला सुरुवात केली. या भागातल्या मुलांमधलं कुपोषण आणि रक्तक्षय हे त्यामागचं कारण. अंडं न खाणाऱ्यांसाठी केळं होतं. तरी काही मठाधीशांनी विरोध केला. शाळेत सगळ्यांना चालेल तेच वाढावं, नाहीतर पंगतीत भेद होईल, असं त्यांचं म्हणणं.

ऐकायला हे रास्त वाटतं. पण एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, केळ्यात जेमतेम १. ज्या घरात रोज डाळ शिजत नाही, तिथल्या मुलाला हा फरक फार मोठा आहे. कोप्पळ जिल्ह्यातल्या गंगावतीच्या एका शाळकरी मुलीने तर कॅमेऱ्यासमोर ठणकावून सांगितलं, की आम्हाला अंडी हवीत. पुढे योजना राज्यभर गेली आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहा दिवस अंडी देण्याचं ठरलं.

माझ्या डोक्यात राहिला तो ‘सगळ्यांना’ हा शब्द. आपल्या स्नेहभोजनाचा बेत ठरवतानाही तो येतोच. मग मसालेभात, अळूची भाजी, श्रीखंड ठरतं. एकत्र जेवायचं तर एवढी तडजोड ठीकच. पण त्याच ताटाला आपण ‘अस्सल मराठी जेवण’ म्हणतो, तेव्हा बाकीची ताटं मराठी राहत नाहीत.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ चं पुस्तक जरूर वाचा. मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या जेवणाची त्यात नोंद आहे: वाळवलेल्या मांसाच्या चान्या, तेल-तूप-दुधाशिवाय होणारी कालवणं. नावातला ‘अ’ मुद्दाम आहे. इतरांच्या पाककृतींच्या पुस्तकांत हे जेवण आलंच नव्हतं.

म्हणून अंकाच्या पाककृती विभागासाठी एक सूचना. ‘खास रेसिपी’ मागवण्याऐवजी, महिनाअखेरीला आजीच्या घरी काय शिजायचं ते विचारूया. आणि मुलांना शेजारच्याचा डबा बघून ‘हे चालत नाही’ म्हणण्याऐवजी ‘मी हे खात नाही’ म्हणायला शिकवूया. पहिल्या वाक्यात नियम दुसऱ्याच्या ताटाला लागतो, दुसऱ्यात फक्त आपल्या.