दुर्बिणीचा खांब

दुर्बीण दूरची वस्तू मोठी करून दाखवते, तसाच स्वतःचा कंपही मोठा करून दाखवते. १५० पट विशालन करणारी दुर्बीण अवघी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, हलली तरी पाहणाऱ्यास तारा अडीच अंश सरकलेला भासतो. चंद्रबिंबाची रुंदी जेमतेम अर्धा अंश! शाळेने पैसे साठवून घेतलेली उत्तम दुर्बीण डळमळत्या तिपाईवर ठेवली, तर विद्यार्थ्यांना शनीच्या कड्याऐवजी थरथरता प्रकाश तेवढा दिसावयाचा. म्हणून दुर्बीण नित्य एकाच जागी वापरावयाची असेल तर जमिनीत पक्का खांब उभारतात. मद्रासच्या वेधशाळेत वेधयंत्रासाठी १७९२ मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा स्तंभ चेन्नईत आजही पाहावयास मिळतो.

अंगणातील खांब एवढा भव्य नको; तो बुटका व जाड मात्र हवा. गोल भरीव खांबाचा व्यास दुप्पट केला, तर वाकण्यास होणारा त्याचा विरोध १६ पट होतो. उंची दुप्पट केली, तर तोच विरोध आठव्या हिश्शावर येतो. हौशी मंडळी बहुधा याच्या उलट करतात. बारीक नळ उंच रोवतात आणि दोष भिंगांना देतात.

पाया खोदताना जमीन ओळखावी. दख्खनची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत रोवलेला खांब कलू लागतो. तेथे मुरूम लागेपर्यंत खोदावे. मुरमाड जमिनीत सुमारे एक मीटर खोली पुरे. सिमेंट, वाळू व खडी १:२:४ या प्रमाणात घ्यावी. सळ्या तळापासून माथ्यापर्यंत अखंड असाव्यात. पाणी बेताचेच घालावे. कालवणे सोपे व्हावे म्हणून ते वाढवले की काँक्रीट दुबळे होते. पुढे किमान आठवडाभर खांब ओल्या गोणपाटाने झाकावा, आणि दुर्बिणीचा भार २८ दिवसांनंतरच द्यावा.

भोवती फरशी असल्यास तिच्यात व खांबात दोन बोटे फट ठेवावी. ती सिमेंटने बुजवली, तर पाहणाऱ्याच्या प्रत्येक पावलाचा धक्का दुर्बिणीस पोहोचतो.

माथ्यावरील बोल्ट काँक्रीट ओले असतानाच बसवतात. भोके पाडलेल्या फळीत ते आधी अडकवावे. अंदाजाने रोवलेले बोल्ट बैठकीच्या पोलादी पत्र्याशी सहसा जुळत नाहीत. पत्रा लांब बोल्टांवर अधांतरी ठेवण्याची चालही बरी नव्हे. तसे केल्यास जाड खांबाची सारी मजबुती त्या तीन-चार काड्यांवर येऊन ठेपते.

राहिली जागा. उन्हात तापलेल्या छपरावरून रात्री उष्ण हवा वर चढते व प्रतिमा लहरू लागते; तिच्यापासून दूर राहावे. बैठक ध्रुवाच्या दिशेने रोखावयाची असल्यास उत्तर मोकळी हवी. श्रीनगरला ध्रुवतारा सुमारे ३४ अंश उंचीवर असतो, तर तिरुवनंतपुरमला जेमतेम साडेआठ अंशांवर. तेथे एखादी नारळीही त्यास झाकू शकते. खांब मागाहून हलवता येत नाही; म्हणून खड्डा खणण्यापूर्वी त्याच जागी तिपाई मांडून, शक्य तर निरनिराळ्या ऋतूंत, कोणते झाड वा रस्त्यावरील कोणता दिवा आड येतो ते काही रात्री पाहून घ्यावे.