पेपर टाकण्याआधी

अप्रेझलचं पत्र हाती पडलं की हिंजवडीच्या कॅन्टीनपासून चाकणच्या कंपनी-बसपर्यंत एकच विषय रंगतो: स्विच मारायचा का? या गप्पांत छातीठोकपणे सांगितलं जाणारं बरंचसं अर्धवट असतं, आणि त्याचा फटका नवख्या मुलामुलींना बसतो.

सीटीसी वाढला म्हणजे पगार वाढला, हा त्यातला सर्वांत घट्ट बसलेला समज. ऑफर लेटरमधला पगाराचा तक्ता उघडून बघा. कंपनीचा पीएफमधला वाटा, विम्याचा हप्ता, मूळ पगाराच्या 4.81 टक्के दराने धरलेली ग्रॅच्युइटी, वर्षाअखेरीचा व्हेरिएबल पे असं बरंच काही त्या एका आकड्यात कोंबलेलं असतं. तुलना करायची ती दरमहा खात्यात जमा होणाऱ्या रकमेची. एचआरला ती सरळ विचारावी, त्यात संकोच कसला?

ग्रॅच्युइटी म्हणजे निवृत्तीनंतरची गोष्ट, असंही अनेकांना वाटतं. कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे 5 वर्षांच्या सलग सेवेनंतर राजीनामा दिला तरी ती मिळते. समजा, तुमची चार वर्षं दोन महिने झालीत आणि त्यासाठी धरला जाणारा मासिक पगार 40,000 रुपये आहे. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी गेलात तर हातची जाणारी रक्कम अशी: 40,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5 वर्षं: सुमारे 1,15,000 रुपये. एवढ्यासाठी चांगली संधी सोडा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण जॉइनिंग बोनसची बोलणी करताना हा आकडा तोंडपाठ हवा.

नोकरी सुटली की पीएफ काढून मोकळं व्हावं, हा सल्ला तर मला फार खटकतो. पीएफचा यूएएन क्रमांक तोच ठेवून खातं नव्या कंपनीकडे वळवलं, तर आधीची सेवा धरली जाते. 5 वर्षांच्या आत रक्कम काढली, तर तिच्यावर सहसा कर लागतो. पेन्शनला लागणारी 10 वर्षंही अशीच जुळतात. पेन्शनचे पैसे काढून घेतले की ही मोजणी पुन्हा शून्यापासून.

प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही, अशी सही केल्यामुळे काही जण घाबरून बसतात. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 नुसार, नोकरी सोडल्यानंतरही लागू राहणारी अशी बंदी सहसा टिकत नाही. बाँडचं मात्र तसं नाही. किमान 3 वर्षं सेवा, नाहीतर 2 लाख रुपये, ही विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये वैध ठरवली.

आणि दर दोन वर्षांनी बदललं नाही तर करिअर खुंटतं? तेच टेस्टिंग, तीच एक्सेल शीट, फक्त गळ्यातलं आयकार्ड वेगळं, ही वाढ नव्हे. मुलाखतीत विचारा: पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे नेमकं कोणतं काम असेल? या जागेवरचा आधीचा माणूस का गेला? आताच्या मॅनेजरलाही एकदा थेट विचारा, की दुसऱ्या प्रोजेक्टवर किंवा दुसऱ्या विभागात कधी घ्याल. तारीख न सांगता नुसतं ‘बघू’ असं उत्तर आलं, तर नवी ऑफर लेखी हातात घ्या आणि खुशाल पेपर टाका.