लोकलमधला दरबार

कसाऱ्याहून मुंबईकडे निघालेली लोकल पहिली थांबते ती उंबरमाळीला. पुढे आसनगावपर्यंत येताना डाव्या-उजव्या बाकांवर देशमुख, पाटील, सबनीस, चिटणीस असे सगळे दाटीवाटीने बसलेले असतात. चौथ्या सीटसाठी चाललेल्या भांडणात एक अख्खा दरबार सामील आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं!

ही आडनावं मूळची दरबारातली पदं. 'नवीस' म्हणजे फारसीत लिहिणारा. शब्दाच्या शेवटी त्याचं मराठीत 'नीस' झालं. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस, कोठारांचा हिशोब ठेवणारा कारखानीस. वाकनीस राजाची रोजची हकिगत टिपून ठेवी. म्हणजे त्या काळची डायरी त्याच्या हाती. लेखणी हीच सत्ता, हे या आडनावांत गोठून राहिलं आहे.

आसनगावला उतरलं की माहुली किल्ल्याचे सुळके दिसतात. असा किल्ला शिवाजी महाराजांनी एका माणसाच्या हवाली का केला नाही, हे समजलं की मी तरी थक्क होतो. सभासद बखरीप्रमाणे हवालदार, सबनीस आणि सरनोबत तिघेही एकाच दर्जाचे. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशोब सबनिसाकडे, पहारे-शिबंदी सरनोबताकडे. एक फितूर झाला तरी उरलेले दोघे दाराशी उभे. कुलूप एक, पण ते उघडायला तिघांचं मन वळवावं लागे.

हाच माहुली १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला होता. १६७०मध्ये पहिला हल्ला फसला, आणि मग मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. चार वर्षांनी राज्याभिषेकात हेच मोरोपंत मुख्य प्रधान म्हणून उभे होते. आपल्याला 'प्रधान' म्हटलं की दौत-लेखणी आठवते, पण अष्टप्रधानांत पंडितराव आणि न्यायाधीश सोडून सगळ्यांनाच लढाईवर जावं लागे. पदांची नावंही तेव्हाच बदलली: मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव, डबीराचे सुमंत.

आता चीनकडे बघा. तिथे अधिकाऱ्यांच्या नऊ श्रेणी, प्रत्येकीच्या वरची-खालची अशा दोन पायऱ्या. मिंग राजवटीत मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर पक्ष्याचं भरतकाम असे, लष्करी अधिकाऱ्याच्या छातीवर पशूचं. सर्वांत वरच्या मुलकी श्रेणीला सारस. माणूस समोर आला की आधी छातीकडे बघायचं, मग किती वाकायचं ते ठरवायचं! पण मला खरी गंमत वाटते ती दुसऱ्याच नियमाची. त्यांचा अधिकारी स्वतःच्या प्रांतात नेमलाच जात नसे. भाऊबंद, शेजार, देणी-घेणी यांच्या जाळ्यात तो अडकू नये, म्हणून मुद्दाम दूर धाडायचे.

आपल्याकडचं गणित बरोबर उलटं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे हे वतनदार. गाव-परगणा सोडून त्यांना अर्थच नाही. शेतसारा कुणाचा किती, बांध कुणाचा, भांडण कशावरून, हे सगळं माहीत असणं हीच त्यांची लायकी. राजे बदलले, निजामशाही गेली, मोगल आले-गेले, पेशवाई बुडाली. गावातला पाटील मात्र तिथेच. वरची पदंसुद्धा हळूहळू याच वाटेनं गेली. १७१३मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, आणि मग बापानंतर मुलगा हाच क्रम पडला. जे पद पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहतं, ते नावाला चिकटणारच. चीनमध्ये नेमणूक संपली की पद मागे राही. इथे पदाचंच आडनाव झालं.

मग १९५०चा कायदा आला आणि परगणा व कुलकर्णी वतनं संपली. त्यानंतरच्या दशकात महसुली पाटीलकीही गेली. आडनावं मात्र कुठल्याच सरकारला जप्त करता आली नाहीत.

तरी पाटील अगदीच संपला नाही. १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीस पाटील हे पद ठेवलं आहे. ते वारशानं मिळत नाही, नेमणुकीनं मिळतं. त्यामुळे शहापूर-मुरबाडच्या एखाद्या गावात आडनावानं पाटील असलेले पाच-सहा जण तक्रार घेऊन पोलीस पाटलाकडे जाऊ शकतात, आणि दार उघडून बाहेर येणाऱ्या त्या पाटलीणबाईंचं आडनाव भलतंच असू शकतं.