टाकोत्सुबो हृदयस्नायू विकार

टाकोत्सुबो हृदयस्नायू विकार हा तीव्र मानसिक किंवा शारीरिक आघातानंतर हृदयाचे स्नायू अचानक व तात्पुरते दुर्बल होण्याचा विकार आहे. आप्ताचा मृत्यू, अपघात, भीती किंवा मोठे आजारपण यानंतर तो उद्भवू शकतो. त्यास 'भग्नहृदय विकार' असेही म्हणतात. बहुसंख्य रुग्ण रजोनिवृत्तीनंतरच्या वयोगटातील स्त्रिया असतात.

नाव व इतिहास

जपानी हृदयरोगतज्ज्ञ हिकारु सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्यात हृदयाच्या डाव्या निलयाचे टोक फुगते, तर वरचा भाग अरुंद राहतो. हा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा, म्हणजे 'टाकोत्सुबो'सारखा दिसतो. त्यावरून हे नाव पडले. २००४ मध्ये जपानच्या निइगाता प्रांतात झालेल्या भूकंपानंतर तेथे या विकाराचे रुग्ण वाढल्याचे आढळले.

कारणे

आघाताच्या क्षणी अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते आणि ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन ही संप्रेरके मोठ्या प्रमाणात स्रवतात. त्यांच्या अतिरेकामुळे हृदयस्नायूंचे आकुंचन मंदावते, असे मानले जाते. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या रक्तातील या संप्रेरकांची पातळी तीव्र हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांपेक्षाही दोन ते तीन पट अधिक आढळली.

लक्षणे व निदान

छातीत दुखणे, धाप लागणे व भोवळ येणे ही प्रमुख लक्षणे आहेत. ईसीजीत बदल दिसतात आणि रक्तातील ट्रोपोनिन वाढते. ही चिन्हे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असल्याने केवळ लक्षणांवरून दोहोंतील फरक ओळखता येत नाही. अँजिओग्राफीत मात्र या लक्षणांचे कारण ठरेल असा रक्तवाहिनीतील अडथळा सहसा आढळत नाही. त्यामुळे शोकाकुल व्यक्तीच्या छातीतील वेदना 'मनाचा त्रास' समजून दुर्लक्षित न करता तिला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

उपचार

बहुतेक रुग्णांचे हृदय काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत कार्य करू लागते. तथापि, सुरुवातीच्या काळात हृदयाचे अनियमित ठोके, हृदयनिकामी किंवा क्वचित मृत्यूही संभवतो; म्हणून रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. काही रुग्णांमध्ये हा विकार पुन्हा उद्भवतो.