आधी तपासणी, मग मशीन

विमा कंपनीचे पत्र दोन ओळींचे होते. वडिलांना एका रात्रीसाठी रुग्णालयात दाखल करून झोपेची तपासणी केली, ती 'केवळ निदानासाठी' होती, म्हणून दावा नामंजूर. चौदा हजारांचे बिल आमच्याच अंगावर पडले. त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने एक लाख दहा हजारांच्या मशीनचे कोटेशन पाठवले. आईने कागद बाजूला सारला आणि म्हणाली, "घोरू देत त्यांना. इतकी वर्षं घोरतायत, काय झालं?"

पैशांचा आकडा ऐकून असा निर्णय घेणारे आमचे घर एकटे नाही. म्हणून वडिलांच्या या आजाराच्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या, खर्चाबद्दलचे गैरसमज तपासून पाहणे मला आजाराच्या माहितीइतकेच गरजेचे वाटते.

आईच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. छाती हवा ओढायला धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकतो, माणूस गुदमरल्यासारखा आवाज करून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. श्वास पूर्ण थांबण्याच्या किंवा उथळ होण्याच्या, किमान दहा सेकंद टिकणाऱ्या अशा घटना तासाला किती होतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. उपचार न केलेल्या तीव्र आजाराचा रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी संबंध आहे, आणि दिवसा गाडी चालवताना लागणाऱ्या डुलकीशी तर थेटच. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी भारतातले आधीचे अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज मांडला, की कामकरी वयाच्या सुमारे १०.४ कोटी भारतीयांना हा आजार असावा. त्यांतल्या सुमारे ४.७ कोटींचा मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा बातम्यांमधून या आजाराचे नाव पुष्कळांच्या कानावर पहिल्यांदा पडले.

"एक रात्र ॲडमिट दाखवलं की विमा पैसे देतो."

हा सल्ला आम्हालाही मिळाला होता, आणि आम्ही तो ऐकला. आरोग्य विम्यात सर्व कंपन्यांना लागू असलेली प्रमाणित अपवादांची यादी असते. तीत चौथ्या क्रमांकावर 'तपासणी व मूल्यमापन' आहे: मुख्यतः निदानासाठीच रुग्णालयात दाखल झालात, तर तो खर्च मिळत नाही. म्हणजे कारकुनाने कागद कसे भरले याने फरक पडत नाही. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे, घरी वापरायचे सीपॅप मशीनही बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या वस्तूंत सापडते.

पण म्हणून विमा कधीच काही देत नाही, हेही खरे नाही. मुलाचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड वाढल्यामुळे श्वास अडत असेल, तर ती शस्त्रक्रिया बहुतेक पॉलिसींत बसते, फक्त प्रतीक्षाकाळ पाहावा लागतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेबाबत तर या आजाराचे नावच नियमात लिहिलेले आहे: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा जास्त हवा, पण ३५ किंवा जास्त असून तीव्र स्लीप ॲप्निया असेल आणि इतर उपाय थकले असतील, तरी दावा ग्राह्य धरता येतो. आणि अशी शस्त्रक्रिया मंजूर झाली, की त्याआधीच्या ठरावीक दिवसांत, साधारणपणे ३० किंवा ६० दिवसांत, त्याच आजारासाठी केलेली झोपेची तपासणी दाखल होण्यापूर्वीचा खर्च म्हणून मागता येते. पावत्या फाईलला लावायला लोक विसरतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात. पॉलिसीत ओपीडीचा भाग असेल, तर तपासणीचे काही पैसे तिथूनही मिळू शकतात. कंपनीच्या गटविम्यात असाल, तर एचआरला विचारा.

नामंजुरीचे पत्र म्हणजे शेवट नव्हे. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी दाद मागायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जायचे. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावे लागते. आमच्या प्रकरणात अपवाद स्पष्ट लिहिलेला होता, म्हणून आम्ही गेलो नाही. ज्यांचा नकार गोलमाल शब्दांत आहे, त्यांनी जरूर जावे.

याला जोडूनच एक घातक सल्ला फिरतो: फाईलवर आजाराचे नाव येऊ देऊ नका, पुढे विमा मिळणार नाही. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आजार लपवून पॉलिसी घेतली, तर मात्र उद्या हृदयविकाराचा दावाही त्याच कारणाने अडू शकतो. तीन वर्षे थांबणे त्यापेक्षा स्वस्त आहे.

"तपासणीच परवडत नाही, तर पुढचं काय बोलायचं?"

पहिली पायरी फुकट आहे. टोरँटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या गटाने २००८ मध्ये आठ प्रश्नांची 'स्टॉप-बँग' प्रश्नावली तयार केली: मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहणे, रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष असणे. पाच किंवा जास्त 'हो' आले, तर धोका मोठा. शिंप्याची टेप आणि शेजारी झोपणारे माणूस, एवढ्यावर काम होते. त्या माणसाने मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून ठेवले, तर डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते. एक सावधगिरी: बायकांत, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हा आजार कमी घोरण्यासह आणि नुसत्या थकव्याच्या रूपातही येतो, आणि बारीक माणसालाही होतो. म्हणून गुण कमी आले तरी लक्षणे असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी पायरी म्हणजे खरी तपासणी. ती प्रयोगशाळेतच झाली पाहिजे, असे नाही. रुग्णालयात मेंदूच्या लहरींसह सगळे नोंदवणारी रात्रभराची तपासणी खासगीत साधारण आठ ते वीस हजारांत होते. घरी नेऊन झोपताना लावायचे छोटे यंत्र श्वासाचा प्रवाह, छातीची हालचाल, ऑक्सिजन आणि नाडी मोजते. ते बहुधा याच्या निम्म्याच्या आसपास पडते. मध्यम किंवा तीव्र आजाराची दाट शंका आहे आणि इतर गुंतागुंत नाही, अशा प्रौढ माणसाला घरची तपासणी चालते, असे अमेरिकेच्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितले आहे. हृदय निकामी होण्याचा त्रास, झालेला पक्षाघात, फुप्फुसांचा जुना गंभीर आजार, स्नायूंचे विकार किंवा अफूवर्गीय वेदनाशामके असतील, तर मात्र प्रयोगशाळाच हवी.

घरचे यंत्र झोपेचा वेळ मोजत नाही, नोंदणीचा वेळ मोजते. माणूस दोन तास जागा लोळत राहिला, तरी ते तास भागाकारात येतात आणि एएचआय खरा असेल त्यापेक्षा कमी दिसतो. घरच्या तपासणीत आजार निघाला तर विश्वास ठेवायचा. निघाला नाही, पण लक्षणे ठळक आहेत, तर तेवढ्यावर निश्चिंत राहायचे नाही.

प्रयोगशाळेतच करायची झाली, तर आधी फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात. एक, सांगितलेल्या रकमेत अहवाल आणि तंत्रज्ञाची फी धरली आहे का. दोन, 'स्प्लिट नाइट' होते का. म्हणजे अर्ध्या रात्रीत आजार निश्चित झाला, तर उरलेल्या रात्रीत मशीन लावून हवेचा दाब ठरवतात आणि दुसऱ्या रात्रीचे बिल वाचते. आम्हाला हे कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. तारीख उशिराची मिळेल, पण दर खासगीच्या मानाने किरकोळ असतो. महाराष्ट्रातली आणखी एक सोय फार कमी लोक वापरतात. सार्वजनिक न्यासाच्या म्हणजे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. रात्रभराच्या तपासणीला खाट लागतेच. तेव्हा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन बिलिंगच्या खिडकीवर जाण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांची आहे. घरच्या मशीनसाठी तिच्या आशेवर थांबू नये. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना सीजीएचएसमध्ये सीपॅपची तरतूद आहे, पण मशीन घेण्याआधी परवानगी काढायची असते.

"महाग मशीन म्हणजे चांगलं मशीन."

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबतो. सीपॅप ऑक्सिजन देत नाही. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये पंख्याची हवा नाकावाटे दाबाने सोडून मिटणारा घसा उघडा ठेवून दाखवला. तत्त्व आजही तेवढेच आहे: साधी खोलीतली हवा, ठरावीक दाबाने. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावरून काढून लावावा, असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे. ऑक्सिजनने बोटावरच्या यंत्रातला आकडा सुधारेल, पण घसा बंदच राहील, आणि काहींचा श्वास उलट जास्त वेळ थांबू शकेल.

साधे किंवा दाब आपोआप कमीजास्त करणारे सीपॅप बाजारात साधारण तीस ते साठ हजारांत मिळते. बायपॅप त्याच्या दुप्पट-तिप्पट जाते. श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देणारे हे मशीन काही रुग्णांना खरोखर लागते, उदाहरणार्थ रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना. साध्या स्लीप ॲप्नियाच्या बहुतेक रुग्णांना ते लागत नाही. आमच्याकडे आलेले लाखाचे कोटेशन बायपॅपचे होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त सीपॅप लिहिलेले होते.

मशीन विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने घ्यावे. मोठ्या शहरांत ते मिळते. भाडे साधारण तीन ते पाच हजार आणि वर डिपॉझिट. रात्री किती तास लावले, हवा किती गळाली आणि एएचआय किती राहिला, हे मशीन स्वतः नोंदवते. रात्री चार तास आणि दहांतल्या सात रात्री वापर, ही जगभर धरली जाणारी किमान मर्यादा. तेवढा वापर होत नसेल, तर चाळीस हजारांचे मशीन कपाटात जाणार हे आधीच कळते. आणि वापर होत नाही तेव्हा दोष बहुधा मशीनचा नसतो, मास्कचा असतो. तेव्हा पैसे वाचवायचे असतील, तर मशीनच्या पडद्यावर आणि ॲपवर वाचवावेत, चेहऱ्यावर नीट बसणाऱ्या मास्कवर नाही. मास्क रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुतला की पुरतो. ओझोनने साफ करणारे वेगळे यंत्र घ्यायची गरज नाही.

जुने मशीन घ्यायला हरकत नाही, पण बनावटीचे वर्ष आणि मॉडेल पाहून. आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात, म्हणून फिलिप्सने जून २०२१ मध्ये जगभरातून लाखो मशीन परत बोलावली. त्यांतली जुन्या बाजारात आली नसतील, असे धरून चालू नये. मास्क आणि नळी मात्र नवीच घ्यावी.

विजेची भीती निराधार आहे. पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला, तर सीपॅप साधारण ३० वॉटच्या आत चालते. आठ तास धरले तर रात्री पाव युनिट. लोडशेडिंगच्या गावात ते घरच्या इन्व्हर्टरवरही चालते.

"सीपॅप नाही, तर काहीच नाही."

सौम्य आजारात असे नसते. पाठीवर झोपल्यावरच श्वास अडत असेल, तर कुशीवर झोपल्याने मोठा फरक पडतो. अहवालात पाठीवरचा आणि कुशीवरचा एएचआय वेगळा दिलेला असतो, तो डॉक्टरांना विचारावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात वजन १० टक्क्यांनी उतरल्यावर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. सौम्य रुग्णाला तेवढे पुरू शकते, एएचआय ५० असलेल्याला नाही. खालचा जबडा थोडा पुढे धरणारी दातांवरची पट्टीही सौम्य आणि मध्यम आजारात चालते. त्यासाठी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आधी चौकशी करावी.

ट्रक, एसटी किंवा शाळेची बस चालवणाऱ्याने मात्र, तीव्र आजार निघाला असेल तर, वजन उतरायची वाट पाहू नये. त्याने भाड्याचे मशीन त्याच आठवड्यात आणावे.

खर्चाचाच एक शेवटचा मुद्दा, कराचा: वयाची साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा आरोग्य विमाच नसेल, तर जुन्या कररचनेत त्यांच्या औषधोपचारावर केलेल्या, रोखीने न दिलेल्या ५० हजारांपर्यंतच्या खर्चाची वजावट मुलांना मिळते. वडिलांचा विमा असल्याने आम्हाला ती मिळाली नाही.

वडिलांचा एएचआय ४१ निघाला होता. आम्ही आधी साडेतीन हजारांत महिनाभर मशीन भाड्याने आणले. पहिला मास्क नाकावर टोचत होता, दुसरा बसला. चौथ्या आठवड्यात नोंद पाहिली, तर रोज सहा तास वापर आणि एएचआय ३. मग अडतीस हजारांचे सीपॅप घेतले. आता आईला रात्री जाग येते ती खोली फार शांत आहे म्हणून. ती हात लांब करून त्यांच्या छातीवर ठेवते, छाती वरखाली होत असते, आणि ती पुन्हा झोपते.