पोटरीतलं रक्त मोजायचं कसं?

माझी आत्या बाजाराला निघाली की मारुतीच्या देवळापाशी थांबायचीच. पोटरीत गोळा यायचा. दोन मिनिटं कट्ट्यावर टेकली की पुन्हा चालायला लागायची. दवाखान्यात पाय दाखवला तेव्हा ती खुर्चीत बसलेली आणि पाय अगदी बरा. "वय झालं आता," एवढं ऐकून ती परत आली. बसल्यावर असा पाय कुरकुर का करत नाही, हे एका तपासणीनं आकड्यांत दाखवलं. तिची गोष्ट आज सांगते.

स्नायूत रक्त केसाहून बारीक अशा असंख्य वाहिन्यांत पसरतं. तिथं मीटर कुठं बसवणार? अमेरिकेतल्या सीमूर केटी यांनी 1949 साली वेगळी वाट धरली. स्नायूत एक खूण सोडायची आणि रक्त ती किती वेगानं धुऊन नेतं ते पाहायचं.

नीळ टाकलेली भरली बादली नळाखाली ठेवून बघा. पाणी वाहत राहतं, रंग फिका होत जातो. नळ मोठा सोडला की लवकर फिका. गंमत अशी, की निम्मा रंग जायला पाच मिनिटं लागली, तर उरलेल्याचा निम्मा जायलाही पाचच लागतात. त्यामुळे नीळ किती टाकली याची फिकीर नको. निम्मी व्हायला किती वेळ लागला तेवढं कळलं की झालं.

केटींची नीळ म्हणजे किरणोत्सर्गी सोडियम. पण सोडियम वाहिनीच्या भिंतीतून हळूहळू आत शिरतं. एसट्या भराभर सुटत असल्या तरी स्टँडच्या फाटकातून एकेकच माणूस आत येत असेल, तर गर्दी कशी हटणार? रक्त जोरात वाहत असताना हिशेब चुकायचा तो इथंच.

1964 साली कोपनहेगनच्या निल्स लासेन आणि सहकाऱ्यांनी झेनॉन-133 वापरला. हा वायू शरीरात कशाशीही संयोग पावत नाही आणि भिंत चटकन ओलांडतो. मिठाच्या पाण्यात विरघळवून त्याचा अगदी थोडा अंश नडगीजवळच्या स्नायूत टोचायचा आणि वरून किरण मोजणारं यंत्र धरायचं. किरणोत्सर्गी शब्दानं दचकू नका. मात्रा थोडी असते, आणि रक्तातून फुप्फुसात पोचलेला झेनॉन बहुतेक श्वासावाटे बाहेर पडतो.

पाय स्वस्थ असताना 100 ग्रॅम स्नायूला मिनिटाला दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं. तेव्हा खूण निम्मी व्हायला वीसेक मिनिटं लागतात. मग मांडीला पट्टा आवळून रक्त अडवायचं, पाऊल थकेपर्यंत हलवायला लावायचं आणि पट्टा एकदम सोडायचा. निरोगी पायात रक्त लगेच उसळतं. 50 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त. खूण मिनिटभरात निम्मी!

धमनी अरुंद झालेल्या पायात उसळी कमी, आणि तीही उशिरा येते. स्वस्थ बसलेलं असताना मात्र दोन्ही पायांचे आकडे जवळपास सारखेच. आत्याचा पाय खुर्चीत शहाण्यासारखा वागला तो यामुळे.

या पद्धतीत खोट नव्हती असं नाही. सुई टोचल्यानं स्नायू दुखावतो, झेनॉन चरबीत रेंगाळतो, आणि कळतं तेही टोचलेल्या जागेपुरतंच. आता रोजच्या तपासणीत तिची गरज उरलेली नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात. घोट्याचा दंडाच्या नऊ दशांशांपेक्षा कमी भरला तर पायाच्या धमनीत अडथळा असल्याची शंका घेतात. कधी चालवून पुन्हा मोजतात, कारण तेच: मागणी वाढल्याशिवाय टंचाई दिसत नाही.

तेव्हा अशी पोटरी धरत असेल, तर "पाय दुखतो" एवढंच सांगू नका. किती चालल्यावर धरते, थांबल्यावर किती वेळात सुटते, तेही सांगा. मिशरी लावत असाल तर तेही लपवू नका, बायांनो. तंबाखूचा संबंध फक्त तोंडाशी नाही, धमन्यांशीही आहे. आत्याचा डबा आम्हांला फार उशिरा, उशीखाली सापडला.